इंजिन थंड पाहिजे

६ एप्रिल, रविवार

निर्णय झाला. मोठी गाडी घ्यायची. जुनी, पण पारखून. सात माणसं बसतील अशी, उंच आणि दणकट.

कारण एकच, यांचा गुडघा. मागच्या वर्षीच्या ऑपरेशननंतर डावा पाय पुरता दुमडत नाही. शेजारच्या लखनच्या छोट्या गाडीतून दवाखान्यात नेलं, तेव्हा पाय खिडकीतून बाहेर काढावा लागला होता. सगळी गेवराई पाहत होती.

आणि नागपंचमी. दर पंचमीला हे मुराळी होऊन चकलांब्याला जातात आणि भिवरावन्संना माहेरी घेऊन येतात. वन्संचं लग्न झाल्यापासून यात खंड नव्हता. मागच्या पंचमीला पडला. गाठोडं बांधून वन्सं दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसून होत्या म्हणे. मी फोन करून कळवलं होतं की लखनला पाठवते. त्यावर त्या म्हणाल्या, लखन काय माझा भाऊ हाय का? आणि फोन ठेवला. वय ऐंशीच्या पुढे, जीभ अजून विशीत.

यंदा हे म्हणतात, काही झालं तरी मी जाणार. पंचमी २९ जुलैला आहे. वेळ भरपूर आहे.

परवा बाजारात एका पांढऱ्या मोठ्या गाडीने मला गटाराच्या काठावर उभं केलं. काच खाली झाली. आतून आवाज आला, बाई, नमस्कार. नववी ब मधला होता, मागचा बाक. या घटनेचा निर्णयाशी काहीही संबंध नाही.

७ एप्रिल

मोहिनीचा पुण्याहून फोन. म्हणाली, आई, एका दिवसासाठी भाड्याने गाडी कर ना, विकत कशाला? मी म्हणाले, विकत घेण्यात परीक्षा असते, भाड्यात नुसती सोय. तिने विषय बदलला. मुलीला पटलं.

गुणपद्धती ठरवली. पत्रा पंचवीस, इंजिन पंचवीस, कागदपत्रं वीस, टायर व ब्रेक पंधरा, आसनव्यवस्था पंधरा. उत्तीर्ण होण्यासाठी पंचाहत्तर. पस्तीस नाही. पस्तीसवर पास झालेली माणसं रोज रस्त्यावर दिसतात.

१० एप्रिल

साहित्य जमवलं. भिंग, टॉर्च, पट्टी, पांढरा रुमाल, खडूचा डबा आणि प्रयोगशाळेतलं नालाकृती चुंबक. निवृत्तीच्या समारंभात शाळेने नारळाबरोबर दिलं होतं. तेव्हापासून कपाटाच्या खालच्या कप्प्यात डांबरगोळ्यांसोबत होतं.

अपघात झालेल्या गाडीचे पोचे पुट्टीने भरतात आणि वर रंग मारतात. डोळ्यांना कळत नाही. चुंबक लोखंडाला चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. विज्ञानापुढे एजंटाचं काही चालणार नाही.

चुंबक वारंवार आपटलं की त्याची शक्ती जाते, हे मी स्वतः वर्षानुवर्षं शिकवलं. हे चुंबक माझ्या हातून कधी आपटलं नाही. मुलांच्या हातून आपटायचं, पण प्रत्येक वेळी मी शिक्षा केलेली आहे.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी

बीडला जाऊन आले. लखन बरोबर होता. तो स्कूलबस चालवतो, रविवारी मोकळा असतो.

बंकट नावाचा एजंट. त्याच्या आवारात एक पांढरी गाडी. म्हणाला, म्याडम, डोळे झाकून घ्या, सिंगल हँड, मास्तरची गाडी, तेवीस पासिंग. मी विचारलं, तेवीसला पास कोणी केलं? तो म्हणाला, आवं म्याडम, एमएच तेवीस, आपल्या बीडचा नंबर हाय त्यो. मला माहीत होतं. त्याला माहीत आहे का, ते पाहायचं होतं.

बॉनेटवर हात ठेवला. गरम. सगळ्यात जुनी युक्ती. कुरकुरणारं इंजिन गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवतात, म्हणजे समोर पटकन सुरू होतं. म्हणून इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचं. बंकटला तसं सुनावलं. तो म्हणाला, बाई, मीबी तापलोय, ऊनच तसलं हाय. मी म्हणाले, थंड होईपर्यंत थांबते. पत्र्याच्या शेडखाली दिवस काढला. बॉनेट थंड झालं नाही. बंकटही नाही.

चुंबक दारांना लावलं, मडगार्डला लावलं, छताला लावलं. कुठेही चिकटलं नाही. अख्खी गाडी पुट्टीची. बंकट म्हणाला, म्याडम, पुट्टीची आस्ती तर पहिल्याच पावसात वाहून गेली नस्ती का? चहा नाकारला.

गुण एकतीस. बॉनेट उघडून आतल्या बाजूला खडूने ठळक लिहिलं: नापास. खाली तारीख आणि सही. म्हणजे हीच गाडी पुन्हा माझ्यापुढे आणायची कोणाची हिंमत होणार नाही.

लखनला गाडी आवडली होती. त्याने फक्त हॉर्न आणि गाण्यांचं मशिन तपासलं.

२० एप्रिल

वन्संचा फोन. मी यांना स्पीकर लावायला लावला. त्यांनी विचारलं, आप्पा, यंदा येतूस का? हे म्हणाले, येतो गं आक्का, गाडी घेऊन येतो, मोठी. त्या म्हणाल्या, गाडी घिऊन मी काय करू, पुजू का तिला? तू ये.

यांनी फोन ठेवला आणि गुडघ्याला तेल लावत बसले.

४ मे

आज दोन पाहिल्या. दोन्ही पुट्टीच्या. गेल्या तीन आठवड्यांत पाहिलेली एकही गाडी लोखंडाची निघाली नाही. जिल्ह्यात लोखंड शिल्लक नसावं. यावर कोणी लिहीत कसं नाही?

एकीच्या सायलेन्सरवर पांढरा रुमाल धरला. धूर काळा की निळा, ते रुमालावर उमटतं. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे इंजिन तेल पितंय. रुमालच पेटला. पेटलेल्या रुमालाचे गुण कुठल्या रकान्यात धरायचे, ते ठरवायचं आहे.

११ मे, रविवार

तेलगाव. अजिनाथ मुकादम. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर नेतो, नुकताच परतलाय. म्हणाला, गाडी फक्त घरच्यांसाठी वापरली, बाई, देवाशपथ. मी शेवटच्या सीटखाली टॉर्च मारला. कोयते निघाले, एक तवा निघाला आणि कोणाचं तरी बाळलेणं. बाळलेणं पाहून अजिनाथची बायको रतनबाई घरातून धावत आली. सहा महिने शोधत होती. तिने मला पोटाशी धरलं. परीक्षकाला असं धरणं योग्य नाही, पण रडत होती म्हणून थांबले.

सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला. पुरात बुडालेली गाडी असली की पट्ट्याच्या टोकाला गाळ सापडतो. माझ्या हाती उसाचं पाचट आलं. पूर नव्हता, हंगाम होता. टायरवरचे चार अंक भिंगातून वाचले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. टायर मोहिनीच्या लग्नाच्या वर्षीचे निघाले. मोहिनीचा मुलगा चौथीत आहे.

बॉनेट अर्थातच तापलेलं. ओलं गोणपाट मागवून वर टाकलं. ते वाळलं की पुन्हा भिजवायचं. यात जेवणाची वेळ झाली. रतनबाईने बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं वाढलं. अजिनाथ म्हणाला, बाई, गाडीला ताप आलाय का, डोक्याव पट्ट्या ठिवायलाव ते? त्याची टोळीतली माणसं फार हसली. मी हसले नाही.

चुंबक चिकटलं नाही. गुण चव्वेचाळीस, त्यातले पाच बाळलेण्याचे. येताना पिशवीभर वांगी.

१८ मे

धक्कादायक प्रकार. हे म्हणाले, ते चुंबक जरा कपाटाला लावून बघ गं. लावलं. चिकटलं नाही. म्हणजे आपलं लोखंडी कपाटसुद्धा पुट्टीचं! लग्नातलं कपाट. इतकी वर्षं दागिने आणि बी.एस्सी.चं सर्टिफिकेट पुट्टीत ठेवलं.

यांनी चष्मा लावला. मग पेपर वाचू लागले.

१ जून, रविवार

नवीन विचार. दिवसा इंजिन थंड मिळत नाही, तर पहाटे जायचं. माजलगावच्या एका मालकाकडे न कळवता उजाडताना पोचले. बॉनेटवर हात ठेवला. कोमट! गाडी तर रात्रभर दारात उभी होती.

मग गोधडी हलली. मालकाचे वडील, धोंडीराम, बॉनेटवर झोपलेले. मी विचारलं, इथे का झोपता? म्हणाले, वाऱ्याला. आन् तुमी कोण, हात कावून लावायल्या? मी म्हणाले, इंजिनचं तापमान पाहतेय. म्हातारबुवा म्हणाले, मंग बघा की, पर ह्यो माझा पाय हाय.

ती चाचणी अनिर्णित.

१५ जून

सोमनाथ म्हणून एकाची गाडी. चढावर ओढते का, ब्रेक कसे लागतात, पहिल्या गिअरला कण्हते का, हे पाहायला कपिलधारचा रस्ता निवडला. पुढे सोमनाथ आणि लखन, मागे मी. देवळापाशी थांबून मी चाकांना पट्टी लावत होते. वळून पाहिलं तर गाडीत बायका बसलेल्या. मोठी गाडी, मागे जागा, लोकांना सीटमागे भाडं घेणारी वडाप गाडी वाटली. मी म्हणाले, उतरा, ही परीक्षा चालू आहे. त्यातली एक म्हणाली, बसा की मावशी, सरकतो आमी, मांजरसुंब्यापस्तोर तर जायचंय. आणि तिने सरकून मला चतकोर जागा दिली.

रस्त्यात माझ्या लक्षात आलं की ही उत्तम भार चाचणी आहे. इतक्या वजनाला गाडी दबली नाही. मी मात्र दबले. उतरताना सगळ्यांनी सोमनाथच्या पाया पडून जागेचे आभार मानले. त्याने हा धंदा सुरू करायचं ठरवलं आणि गाडी विकायची नाही म्हणाला.

मी तशीही नापासच करणार होते. बॉनेटच्या आत लिहायला मात्र त्याने दिलं नाही.

२९ जून

हे रोज सकाळी काठी घेऊन गल्लीतून चालतात. आधी फाटकापर्यंत. मग चार घरं पलीकडच्या संगीताच्या दारापर्यंत. आज कोपऱ्यावरच्या मारुतीच्या पारापर्यंत जाऊन परत आले आणि मला सांगायला स्वयंपाकघरात आले. घाम आलेला, पण चेहरा असा की वर्गात पहिले आलेत. म्हणाले, एष्टीनं जाऊ का गं चकलांब्याला? पायऱ्या दोनच असतात. मी म्हणाले, गुडघ्याचा खेळ करायचा नाही, गाडी येतेच आहे. पाराच्या पुढे जायला परवानगी दिली नाही.

६ जुलै

हे विचारत होते, एखादीला ग्रेस मार्क देऊन पास नाही का करता येणार? पंचमीला आता महिनाही राहिला नाही. मी म्हणाले, सबंध नोकरीत मी ग्रेस दिला नाही. हे म्हणाले, ते माहीत आहे. संसार केलाय.

याचा अर्थ नंतर बघू.

१३ जुलै

यांचा जुना रेडिओ मुका झालाय. मागचं झाकण उघडं आणि आतला भोंगा, म्हणजे स्पीकर, गायब. विचारलं तर म्हणाले, उंदीर. भोंगा नेणारा उंदीर मी पाहिला नाही, पण पावसाळ्यात उंदीर वाढतात हे खरं.

आनंदाची गोष्ट म्हणजे चुंबकाचं. पिशवीतून काढताना कळलं, त्याच्या मागे एक जड गोल चकती चिकटलीय. कुठून आली कोण जाणे, चुंबकानेच ओढून घेतली असणार. असली शक्ती! कपाटाला लावलं, खाडकन चिकटलं. दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं. म्हणजे कपाट लोखंडाचंच आहे, फक्त ओल आली की गुण दाखवतं. कपाटाची क्षमा मागितली नाही, पण आतून पुसून घेतलं.

२० जुलै, रविवार

मिळाली!

बंकटचा फोन आला, म्याडम, यक ताजी गाडी आलीय, तुमच्यासाठीच ठिवलीय. भर पावसात बीडला गेलो. पांढरी, रुबाबदार, नवे सीट कव्हर, पुढे झेंडूचा मोठा हार. हार नंबर प्लेटवर उतरला होता. शुभ वाटलं. गाडीकडे पाहताच ओळखीची वाटली. काही वस्तू पहिल्या भेटीतच आपल्या वाटतात.

चुंबक दाराला लावलं. खाडकन! मडगार्डला, खाडकन! छताला लावलं तर निघेचना, बंकट आणि लखन दोघांनी मिळून ओढलं. पुट्टीचा कण नाही. चाळीस तपासल्यानंतर जिल्ह्यातली एकमेव लोखंडी गाडी सापडली. बंकट माझ्याकडे बघत होता. म्हणाला, म्याडम, तुमची नजर म्हंजे नजर हाय. माणूस सुधारलाय.

बॉनेट किंचित कोमट लागलं. श्रावण जवळ आला की पावसाचं पाणी कोमट असतं.

फार भिजायला नको म्हणून मी पुढच्या सीटवर बसून प्रश्न विचारले आणि लखनने बॉनेट उघडून उत्तरं दिली. तेल किती? पट्टीवर बराबर. रंग? काळसर. चालू इंजिनवर तेलाचं झाकण उघड, धूर येतो का? थोडका. मग म्हणाला, बाई, हितं आतून खडूनं कायतर लिवलंय. मी म्हणाले, कंपनीवाले लिहितात. पुढचा प्रश्न.

पुढची सीट उत्तम आहे. किती उंच! समोरचा सगळा रस्ता स्पष्ट दिसतो. समोरून आलेल्या एका माणसाला गटाराच्या काठावर सरकावं लागलं. त्याचा इलाज नव्हता, रस्ता अरुंद आहे.

कागदपत्रं चोख. आर.सी., विमा, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला, दंड बाकी नाही. गुण एक्क्याऐंशी. विशेष प्रावीण्य.

यांना सांगितलं. म्हणाले, बरं झालं. मग परसात जाऊन वन्संना फोन केला. बराच वेळ बोलत होते. गाडीचं वर्णन करत असतील.

२६ जुलै

बंकटने गाडी घरी पोचवली. फाटकातून आत जात नाही. फाटक अरुंद आहे, हा गाडीचा दोष नव्हे. गल्लीतच उभी केली. गल्ली बंद झाली, पण शोभा आली.

२७ जुलै

सराव. यांना गाडीत बसवून पाहिलं. पाऊल ठेवायचं पायदान फार उंच. डावा पाय दुमडत नाही, उजव्यावर सगळा भार घेऊन उचलायला अंग साथ देत नाही. स्वयंपाकघरातलं स्टूल ठेवलं, त्यावर पाट. लखनने खांद्याखाली धरलं, मी मागून ढकललं. बसले! मागच्या सीटवर पाय लांब करून. म्हणाले, छान आहे गं, आता उतरू कसा? उतरताना संगीताचा नवराही बोलवावा लागला.

गाड्या पाहायला एवढी भटकले, पण यांना एकदाही बरोबर नेलं नव्हतं. त्यांना उन्हाचा त्रास झाला असता.

२९ जुलै, पंचमी. सकाळी

आजचा दिवस. हे आंघोळ करून, फेटा बांधून तयार. मुराळी फेट्याशिवाय जात नाही म्हणाले. काठी घेऊन फाटकाकडे निघाले होते. विचारलं, कुठे? तर म्हणाले, जरा पारापर्यंत. मी म्हणाले, आज चालायचं काय काम? गाडी दारात आहे. हे म्हणाले, अगं ऐक तर. मी स्टूल मांडलं.

चढवलं. पाय लांब. मी पुढे. लखनने किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा. नुसती टकटक. लखन म्हणाला, बाई, गाडी लई गार पडलीय. मी खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. एप्रिलपासून ज्याची वाट पाहत होते ते अगदी थंड इंजिन. मला समाधान वाटलं. पुन्हा किल्ली. टकटकही बंद.

दुपारी

गल्लीतल्या बायका लाह्या-दुधाची ताटं घेऊन वारुळाकडे निघाल्या होत्या. नव्या साड्या, हातभर बांगड्या. गाडीमुळे वाट अडली होती. बहुतेक माझ्याच विद्यार्थिनी. ताटं ओट्यावर ठेवायला लावली आणि ढकलायला उभं केलं. संगीता म्हणाली, बाई, आजच्या दिशी तवा ठिवत न्हाईत, चिरत न्हाईत, कापत न्हाईत. गाडी ढकलायची चालती का? मी म्हणाले, ढकलण्याला शास्त्रात मनाई नाही. ती म्हणाली, बायांनो, लावा गं हात, न्हाईतर आंगठे धरून हुबं करतेल.

गाडी हलली. बांगड्या वाजत होत्या, बायका फुगडीची गाणी म्हणत ढकलत होत्या, मी पुढच्या सीटवरून दिशा सांगत होते. मागून यांचा आवाज, अगं मला उतरव. मला वाटलं भीती वाटतेय. आश्वासन दिलं.

कोपऱ्यापर्यंत गेली. मारुतीच्या पाराशी वळणात अडकली ती अडकली. पुढेही नाही, मागेही नाही.

पारावर वन्सं बसल्या होत्या.

हिरवं लुगडं, मांडीवर गाठोडं. शेजारी टमटम, तिच्यात चकलांब्याचा आश्रुबा पान खात बसलेला. मी हँडल फिरवून काच खाली केली आणि विचारलं, वन्सं, तुम्ही इथे कशा? त्या म्हणाल्या, आप्पाच म्हणला, आक्का, मला पारापस्तोर चालता येतंय, तू तितवर ये, तिथून मी तुला नेतो. म्हणून सकाळधरनं बसलेय. आन् तुमी ह्ये काय आणलंय, हत्ती?

त्यांना घर दिसत होतं, पण भाऊ न्यायला आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही म्हणून तिथेच थांबल्या होत्या.

हे मागून उतरायला धडपडत होते. स्टूल घरी राहिलं होतं. शेवटी आश्रुबाने पाठ वाकवली आणि हे तिच्यावर पाय देऊन खाली आले. फेटा सरळ केला. वन्संपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, आक्का, चल, पंचमीला न्यायला आलोय. वन्सं म्हणाल्या, दोन वर्सं लावलीस की रे, मुडद्या. मग त्यांच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीचा धूर असेल. नंतर आठवलं, गाडी सुरूच झाली नव्हती.

जाताना वन्संनी बॉनेटवर तळहात ठेवला. म्हणाल्या, गार हाय गं. तुला गारच पायजे व्हती ना?

एका हातात काठी, दुसऱ्या हातात बहिणीचा हात, असे हे निघाले. गाठोडं यांच्या खांद्याला. आश्रुबाने विचारलं, आप्पा, टमटम हाय की, सोडू का दारात? हे म्हणाले, नको, मुराळी चालतच जातो. आणि तसंही वाट गाडीने अडवली होती. बायका ताटं घ्यायला त्यांच्या मागोमाग गेल्या. लखन मेकॅनिक शोधायला गेला.

गाडी सोडून जाणं बरोबर नव्हतं. मी पुढच्या सीटवर बसून राहिले. इथून आरशात मागचा रस्ताही खरोखर स्पष्ट दिसतो. दोघं संगीताच्या दाराशी थांबले, वन्सं कशावर तरी हसल्या, मग फाटकात शिरेपर्यंत दिसत होते.

संध्याकाळी

मेकॅनिक आला. म्हणाला, ही कारभारीण गार आसली की कधीच सुरू होत न्हाई, बंकटकडं रोज सकाळी ढकलूनच तापवायचो आमी. मग बॉनेट उघडलं आणि विचारलं, म्याडम, ही सही कुणाची हाय?

खडू चांगल्या प्रतीचा होता. एक अक्षरही पुसलं नव्हतं. नापास. १३ एप्रिल. सुरेखा.

मी म्हणाले, कंपनीची.

३० जुलै

वन्सं आठ दिवस राहणार आहेत. सकाळपासून परसात दोघांच्या गप्पा चालल्यात. मला चहा विचारायला कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा मीच नेला.

बंकट फोन उचलत नाही. यांचा रेडिओ दुरुस्त करायचा आहे. हे म्हणतात, उंदराने नेलेल्या भोंग्यातलं चुंबक बहुधा तुझ्या चुंबकाच्या मागे चिकटलेलं असेल. पाहते.

गाडी अजून पारापाशी उभी आहे. लोकांनी आरशाला नारळ बांधला. एप्रिलमध्ये एकतीस, जुलैमध्ये एक्क्याऐंशी, परीक्षक एकच. तरीही यांना बहिणीपर्यंत पोचवलं ते याच गाडीने, हे विसरून चालणार नाही. फेरतपासणी करावी लागेल.

तोपर्यंत निकाल राखून ठेवला आहे.